आठ म्हणजे सदतीस हजार: अलिबागच्या वेधशाळेची आणि एका गुणकाची गोष्ट

फोन हातात आहेच, तर आधी एक काम करा. कंपास ॲप उघडा, किंवा फोनमधले सेन्सर दाखवणारं एखादं फुकटचं ॲप. त्यात कुठेतरी एक आकडा दिसेल आणि त्याच्यापुढे मायक्रोटेस्ला असं लिहिलेलं असेल. तुम्ही अलिबाग, रेवदंडा, उरण, श्रीवर्धन अशा आपल्या पट्ट्यात असाल आणि जवळपास लोखंड नसेल, तर तो आकडा साधारण ४३ च्या आगेमागे येईल. बाईकजवळ फोन नेलात तर तो उडेल, त्याकडे लक्ष देऊ नका.

हा आकडा म्हणजे तुम्ही जिथे उभे आहात तिथली पृथ्वीच्या चुंबकत्वाची ताकद. आणि हीच ताकद गेली पावणेदोनशे-एकशेऐंशी वर्षं मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात मोजली जातेय. फक्त तेव्हाची माणसं मायक्रोटेस्ला म्हणत नव्हती. टेस्ला हे एकक १९६० चं. त्याआधी वेगळं, त्याच्याआधी अजून वेगळं. मग १८५९ सालच्या वहीतला आकडा आज आपल्याला वाचता कसा येतो? आजचा सगळा भाग ह्या एका प्रश्नावर आहे.

पण थेट चुंबकाकडे उडी मारण्याआधी जमिनीवर येऊ. रायगडात जमीन म्हटलं की कान टवकारतात, माहितीये मला.

बोलताना आपण गुंठा म्हणतो आणि सातबारावर असतं हेक्टर-आर. बऱ्याच जणांच्या डोक्यात एक गुंठा म्हणजे एक आर असंच बसलेलं असतं. जवळजवळ बरोबर आहे. जवळजवळ! गुंठा आला ब्रिटिशांच्या मोजणीतून. मुंबई इलाख्यात ३३ फुटांची साखळी वापरायचे, तिचे १६ भाग, त्यांना म्हणायचे आणे. ही साखळी आडवी एकदा, उभी एकदा, की झाला गुंठा. म्हणजे ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर.

आता मीटरमध्ये चला. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. पण १०८९ ला नुसतं ०.३०४८ ने गुणून चालत नाही, कारण क्षेत्रात लांबी दोनदा येते. म्हणून गुणकही दोनदा लावायचा. उत्तर येतं १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. फरक सव्वा टक्क्यालाही कमी. पण एकरभर जमिनीत, ४० गुंठे आणि ४० आर सारखेच धरलेत, तर सुमारे ५०० चौरस फूट हवेत जातात. आजच्या भावाने अलिबाग तालुक्यात ५०० चौरस फुटांची किंमत काय होते, हे मी सांगायला नको.

ह्यातली एक गोष्ट धरून ठेवा: गुणक कितीदा लावायचा, हे काय मोजतोय त्यावर ठरतं. लांबीला एकदा, क्षेत्राला दोनदा. चुंबकत्वाला किती वेळा? तिथे गंमत आहे. पोचू आपण.

आता गोष्ट. अलिबागला किनाऱ्यालगत जी चुंबकीय वेधशाळा आहे, तिचं मूळ घर मुंबईतल्या कुलाब्याला. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये तिथे वेधशाळा काढली, मुख्यतः वेळ आणि ग्रहतारे यांच्यासाठी. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ लागायची. चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या १८४१ मध्ये. तेव्हा तिथे एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राध्यापक ऑर्लिबार होते आणि त्यांच्या हाताखाली एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा कामाला लागला होता. केरो लक्ष्मण छत्रे. आपले केरूनाना. जन्म १८२५, गाव नागाव. हो, तेच नागाव, अलिबागजवळचं, जिथे तुम्ही शनिवार-रविवार स्कूटर भाड्याने घेऊन फिरता. पुढे ते मोठे गणिती झाले, पुण्यात प्राध्यापक झाले, टिळक त्यांचे विद्यार्थी. युरोपातलं ग्रहगणित त्यांनी मराठीत आणलं. ‘ग्रहसाधनाची कोष्टकं’ हे त्यांचं पुस्तक १८६० चं. पण नोकरीची सुरुवात कुलाब्याला, हवामानाचे आणि चुंबकाचे आकडे टिपण्यापासून.

आणि हे टिपणं म्हणजे काय होतं, ते डोळ्यांसमोर आणा. एक चुंबक दोऱ्यांनी टांगलेलं. थोड्या अंतरावर दुर्बीण. दुर्बिणीतून एक पट्टी दिसते, तिच्यावर बारीक रेघा. चुंबक इवलंसं हललं की वेगळी रेघ दिसते. निरीक्षकाने ती रेघ वाचायची आणि वहीत लिहायची. तासातासाला, रात्री-अपरात्रीसुद्धा. काही गडबड दिसली तर दर काही मिनिटांनी.

बघा, वहीत काय उतरलं? ‘पट्टीवर इतके भाग’. हे कुठल्याच ताकदीचं एकक नाही. ते त्या खोलीचं, त्या चुंबकाचं, त्या पट्टीचं खासगी एकक आहे. तुमच्या आजीचं भात मोजायचं निठवं जसं फक्त तिच्या घरात चालतं, तसं. शेजारणीचं निठवं जरा मोठं. कुलाब्याचे दहा भाग आणि लंडनचे दहा भाग यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्यात आपल्याकडचा उन्हाळा! चुंबक तापलं की त्याची शक्ती किंचित कमी होते. म्हणजे मे महिन्यात पट्टीवरचा आकडा सरकला तर पृथ्वी बदलली की खोली तापली, हेही वेगळं काढावं लागायचं. म्हणून शेजारी तापमानाचीही नोंद.

ह्या घरगुती मापातून बाहेर पडायची वाट जर्मनीतल्या गटिंगेनच्या कार्ल फ्रेडरिक गाउसने काढली, १८३२ मध्ये. त्याच्याआधी अलेक्झांडर फॉन हुंबोल्टने काय केलं होतं, तर पेरू देशातल्या एका जागेच्या चुंबकत्वाला १ धरलं आणि बाकी जगाची तुलना त्याच्याशी. म्हणजे कोणी शंका घेतली तर पेरूला जा. गाउस म्हणाला, ही ताकद आपण अशा गोष्टींत मोजू ज्या सगळ्यांकडे आहेत: वजन, लांबी आणि वेळ.

कसं? आधी एक चुंबक टांगून झोके घेऊ द्या आणि घड्याळ लावा. झोक्याचा वेग दोन गोष्टींवर अवलंबून: चुंबक किती दमदार आणि पृथ्वीचं क्षेत्र किती दमदार. ह्यातून दोघांचा गुणाकार मिळतो. मग तेच चुंबक बाजूला ठेवून दुसरी सुई किती वळते ते बघा. ह्यातून दोघांचा भागाकार मिळतो. गुणाकार माहीत, भागाकार माहीत. चुंबकाची शक्ती गणितातून निघून जाते आणि फक्त पृथ्वी उरते. मला ही युक्ती अजूनही जादूच वाटते. चुंबक तुमचं असो की माझं, उत्तर एकच.

पण लगेच नवा घोळ झाला. गाउसने लांबी मिलिमीटरमध्ये घेतली आणि वजन मिलिग्रॅममध्ये. ब्रिटिशांनी पद्धत उचलली, पण एककं स्वतःची: फूट आणि ग्रेन. ग्रेन म्हणजे मूळ जवाचा दाणा. सोनाराच्या दुकानामुळे आपल्याला हे तसं परकं नाही. जुना तोळा म्हणजे १८० ग्रेन, ११.६६ ग्रॅम. (आजकाल सगळे १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. आजीचे पाच तोळे आणि आत्ताचे पाच तोळे यांत आठ ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडतो. वाटणीच्या वेळी लक्षात ठेवा.) तर ब्रिटिश साम्राज्यातल्या वेधशाळांची भाषा झाली फूट-ग्रेन-सेकंद. पुढे शास्त्रज्ञांनी सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद घेतलं, त्या एककाला गाउसचं नाव मिळालं. गाउसचा एक लाखावा भाग म्हणजे गॅमा. आणि शेवटी आलं टेस्ला, त्याचा अब्जावा भाग नॅनोटेस्ला. नशिबाने एक गॅमा म्हणजे बरोबर एक नॅनोटेस्ला, त्यामुळे तिथे फक्त पाटी बदलली.

आता कॅल्क्युलेटर काढा. फूट-ग्रेन-सेकंदातून गाउसमध्ये जाण्याचा गुणक आपण स्वतः काढणार आहोत. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. एक फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर. गाउसच्या पद्धतीत ही ताकद वजन भागिले लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. तर ०.०६४८ भागिले ३०.४८ करा. आलं ०.००२१२६. आता वर्गमूळ दाबा. ०.०४६१. झालं. गुंठ्यात गुणक दोनदा लागला, इथे अर्धाच लागला! सेकंद दोन्हीकडे सेकंदच, म्हणून वेळेला काही करायचं नाही.

जास्त अंक धरले तर हा गुणक ०.०४६१०८. नॅनोटेस्लात सांगायचं तर ब्रिटिशांचं एक एकक म्हणजे ४६१०.८. मुंबईतल्या चुंबकत्वाचा आडवा भाग, म्हणजे जमिनीला समांतर असलेला, त्या काळच्या ब्रिटिश एककात आठच्या आसपास भरायचा. आठ गुणिले ४६१०.८. छत्तीस हजार नऊशेच्या घरात, म्हणजे ढोबळमानाने सदतीस हजार नॅनोटेस्ला. आज अलिबागला हा आडवा भाग अडतीस हजारांच्या आसपास आहे. बसतोय ना मेळ? ‘आठ’ आणि ‘सदतीस हजार’ हे दिसायला दोन जगांतले आकडे, पण किनारा तोच.

हे सगळं कशासाठी, तर १८५९ साठी.

१ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत होता. ग्रीनिचच्या वेळेने सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी डागांवर अचानक पांढरा झगझगीत प्रकाश दिसला आणि काही मिनिटांत विझला. मुंबईत तेव्हा किती वाजले होते? घाईत साडेपाच तास मिळवू नका. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली. त्याआधी मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं. म्हणजे संध्याकाळचे चार वाजून नऊ मिनिटं. आजच्या हिशेबाने गेलात तर ३९ मिनिटं चुकाल.

त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी, २ सप्टेंबरला, सूर्यावरून सुटलेला तो लोंढा पृथ्वीवर आदळला. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली, ठिणग्या उडाल्या. ध्रुवांकडे दिसणारे रंगीत प्रकाश पार उष्ण कटिबंधापर्यंत दिसले. इंग्लंडमधल्या यंत्रांच्या रेषा कागदाबाहेर गेल्या, त्यामुळे वादळ किती मोठं होतं ते तिथे मोजताच येईना. पण मुंबई विषुववृत्ताच्या जवळ. इथे यंत्र पट्टीबाहेर गेलं नाही. कुलाब्याचे निरीक्षक दुर्बिणीतून आकडे वाचत राहिले आणि लिहीत राहिले. केरूनाना तोवर कुलाबा सोडून पुण्यात शिकवत होते. पण वही चालू होती.

ती वही पुढे जवळजवळ दीडशे वर्षं पडून होती म्हणायला हरकत नाही. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी आणि वॉल्टर गोन्झालेस यांच्यासोबत आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे जी. एस. लखिना आणि एस. ॲलेक्स यांनी हे कुलाब्याचे आकडे घेऊन एक शोधनिबंध लिहिला. ह्या संस्थेचं मुख्यालय आज नवीन पनवेलला आहे, म्हणजे पुन्हा रायगडच. निष्कर्ष असा की वादळात कुलाब्याचा आडवा भाग सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळला होता.

१६०० मोठा की छोटा? फोनच्या भाषेत तो फक्त १.६ मायक्रोटेस्ला. त्या दिवशी तुमचा फोन तिथे असता तर ४३ चा आकडा दीड-एकाने हलला असता, तुम्ही बघितलंही नसतं. जुन्या ब्रिटिश एककात हा बदल साधारण ०.३५, आठमधून. पण प्रश्न नुसत्या आकड्याचा नाही. हा बदल संपूर्ण पृथ्वीवर, काही तासांत होतो, आणि शेकडो किलोमीटर लांब तारा जिथे असतील तिथे त्यांच्यात नको तो प्रवाह घुसवतो. मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमध्ये साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. त्या वादळाची मापपट्टीवरची नोंद उणे ५८९. मे २०२४ च्या वादळात लडाखच्या हानलेहून आकाश लाल झालेलं तुम्ही रील्सवर पाहिलं असेल. ते उणे ४०० च्या आसपास.

आता इथे गुणक चुकला तर काय होईल ते बघा. समजा कोणी वहीतला ०.३५ हा आकडा ब्रिटिश एककाऐवजी गाउसच्या मिलिमीटर-मिलिग्रॅम एककातला समजून वाचला. त्या एककाचा गुणक ०.१, आपल्याच्या दुपटीहून जास्त. १६०० चे होतील जवळपास ३५००. वादळ तेच, वही तीच, आणि जगभरचे वीज-अभियंते दुप्पट भयंकर संकटाची तयारी करत बसतील. किंवा उलट चूक केली तर निम्म्या. विजेच्या जाळ्याने किती सोसायला हवं, हे ठरवताना १८५९ हाच आकडा सगळ्यात वाईट दिवस म्हणून समोर ठेवतात. म्हणून मी मघापासून ह्या ०.०४६१०८ च्या मागे लागलोय.

बरं, एकक नीट जुळलं तरी वाद मिटत नाही. हे मला प्रामाणिकपणे जास्त रंजक वाटतं. १९८९ चा उणे ५८९ हा आकडा तासाच्या सरासरीचा आहे, तोही जगातल्या अनेक ठिकाणच्या नोंदी मिळून. कुलाब्याचे १६०० हे एका ठिकाणी, ठरावीक क्षणी वाचलेलं माप. दोन्हींच्या पुढे नॅनोटेस्लाच लिहिलंय, पण एक आहे महिन्याच्या विजेच्या बिलासारखं आणि दुसरं एसी चालू केला त्या क्षणाचं. नंतरच्या अभ्यासकांनी कुलाब्याच्या आकड्यांची तासाची सरासरी काढली तेव्हा ८५० ते ९५० च्या दरम्यानची उत्तरं आली. तरीही १९८९ पेक्षा बरंच मोठं, पण तिप्पट नाही. एकक सारखं झालं म्हणजे तुलना झाली असं नाही. इंटरनेटवर ‘कॅरिंग्टन वादळ तिप्पट मोठं’ अशा हेडलाइन दिसतात तेव्हा हे आठवायला हवं.

आता वेधशाळा अलिबागला कशी आली ते सांगून थांबतो, कारण त्यात वेगळ्याच प्रकारचं रूपांतर आहे.

१९०० नंतर मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरत चाललं. ट्रामचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परततो आणि जवळच्या नाजूक चुंबकांना वेड लावतो. त्या वेळी कुलाब्याचे संचालक होते नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस, ह्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांच्यापुढे प्रश्न होता: साठ वर्षांची सलग नोंद तुटू द्यायची का? नवी जागा शोधली गेली, समुद्रापलीकडे, तीसेक किलोमीटरवर. अलिबाग. तेव्हा आपला जिल्हाही कुलाबाच म्हणवला जायचा, रायगड हे नाव १९८१ चं. म्हणजे वेधशाळा मुंबईच्या कुलाब्यातून निघून कुलाबा जिल्ह्यात, कुलाबा किल्ल्यासमोर आली. पत्ता बदलला, नाव जवळपास नाही.

इमारत बांधली ती लोखंड टाळून. पोरबंदरचा दगड, खिळे-बिजागऱ्या तांब्या-पितळेच्या. नुसता आपल्या डोंगरातला काळा दगड वापरला असता तर तो स्वतःच थोडा चुंबकीय असतो, सगळं मुसळ केरात गेलं असतं.

आणि मग मूस यांनी जे केलं त्याला तोड नाही. १९०४ ते १९०६, दोन वर्षं, कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी. ट्राम धावल्या मे १९०७ मध्ये, त्याच्या आत हे काम उरकलं. कशासाठी? कारण दोन जागांमधला फरक गुणकाने निघत नाही. एकक बदललं तर गुणायचं. जागा बदलली तर मिळवायचं किंवा वजा करायचं. अलिबाग दक्षिणेला आहे, खालचा खडक वेगळा आहे, म्हणून तिथला आकडा मुळातच थोडा वेगळा. तो फरक किती, हे दोन्ही यंत्रं एकत्र चालल्याशिवाय कळणार कसं? मे महिन्यात किती, पावसाळ्यात किती, शांत दिवशी किती, वादळी दिवशी किती. फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना जसं आधी ३२ वजा करतो आणि मगच गुणतो, तशा इथे दोन्ही पायऱ्या लागतात.

१९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ ह्या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदी दोन भागांत छापून काढल्या. पहिल्या भागात आकड्यांबरोबर यंत्रांची माहिती आहे. कुठलं यंत्र आणि कसं चालायचं. कंटाळवाणा भाग, कोणी वाचणार नाही असा. पण १८५९ सारख्या नोंदीकडे परत जायचं तर आधी हाच भाग उघडावा लागतो.

अलिबागची यंत्रं आज मिनिटामिनिटाचे आकडे जगभरच्या जाळ्यात पाठवतात, एबीजी ह्या तीन अक्षरांच्या नावाने, नॅनोटेस्लात. त्या जोड-वर्षांमुळे ही आकड्यांची माळ मागे थेट कुलाब्याच्या दुर्बिणीपर्यंत जाते. मधल्या काळात फूट गेले, ग्रेन गेले, गॅमा गेला, मुंबईची वेळ गेली, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला त्या मुंबईच्या ट्रामसुद्धा १९६४ मध्ये बंद पडल्या.